तंजावरची शैक्षणिक सहल आखताना दुपारचा विचार आधी करावा

तमिळनाडूतील चोळकालीन मंदिरांची अभ्यास सहल आखताना नकाशापेक्षा घड्याळ आधी समोर ठेवावे, कारण तेथील बहुतेक मोठी मंदिरे दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि चारच्या आसपास पुन्हा उघडतात. त्यामुळे पहाटे कुंभकोणमजवळच्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर, दुपारी प्रवास व जेवण, आणि संध्याकाळी उतरत्या उन्हात राजराज चोळाने इ.स. १०१० मध्ये पूर्ण केलेले तंजावरचे बृहदीश्वर, असा क्रम सोयीचा ठरतो. दुपारच्या रिकाम्या वेळेत राजवाड्याच्या परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय पाहता येते. मात्र तेथील सुट्टीचे दिवस व वेळा आधी विचारून घ्याव्यात.

मराठी विद्यार्थ्यांना बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर १८०३ साली तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख अवश्य दाखवावा, आणि तो घाईत नव्हे, तर मुलांना स्वतः काही ओळी लावून पाहता येतील इतका वेळ ठेवून. एका दिवसात पाच मंदिरे उरकण्यापेक्षा दोनच नीट पाहिलेली बरी.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथे पावसाळा असतो, म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा; पोंगलच्या दिवसांत रेल्वे व निवासाचे आरक्षण मिळणे कठीण जाते. आवारात अनवाणी चालावे लागत असल्याने प्रत्येकाला जाड मोजे सोबत घेण्यास सांगावे.