बोधचिन्ह काढायचंय? आधी चौकटीचा कागद घ्या

कबड्डी स्पर्धेसाठी काढलेलं माझं पहिलं बोधचिन्ह जर्सीवर उतरलं तेव्हा भरतकामवाला हसत म्हणाला, "हे काय काढलास बे, पावभाजी?" दोन इंचांत मी सोलापूरचा भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ, यात्रेतल्या सातही उंच काठ्या म्हणजे नंदीध्वज आणि चढाई करणारा गडी असं सगळं कोंबलं होतं. दहा फुटी फ्लेक्सवर झकास दिसत होतं. धाग्यात त्याचा जांभळट गोळा झाला. आयोजकांनी अर्धेच पैसे दिले, आणि भांडायला मला तोंड नव्हतं.

त्या रात्री अप्पांनी जुनी ट्रंक उघडली. ते चादरींची नक्षी काढायचे. जेकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचा, हिशेब निर्दय असतो. कागदावरचे चौकोन रंगवायचे, त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. अर्धा धागा उचलत नाही. मोराची मान वळवायची तर पायरी पायरीनेच वळते, तरी दहा हातांवरून मोर मोरच दिसतो.

मग १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची खेळचित्रं मला नव्याने दिसली. जर्मन डिझायनर ओटल आइशरने खेळाडूंची शरीरं चौकटीवर बसवली: रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत, डोकं म्हणजे एक ठिपका. तरी पोहणारा आणि सायकलवाला क्षणात ओळखू येतो. रंगही विचारपूर्वक निवडलेले, निळा, हिरवा, नारिंगी. हिटलरच्या काळातल्या १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची आठवण नको म्हणून लाल-काळा टाळला. काय काढायचं याइतकंच काय काढायचं नाही हेही ठरवावं लागतं, हे मी तिथे शिकलो.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र १९६४ च्या टोकियोचं. युसाकू कामेकुराने एक मोठं लाल वर्तुळ काढलं, खाली सोनेरी कडी आणि अक्षरं. बस. जपानचा सूर्य सांगायला फुजी पर्वत लागला नाही, आणि मी कबड्डीसाठी सात नंदीध्वज घेऊन बसलो होतो! टोकियो २०२० चं आधी जाहीर केलेलं चिन्ह नकलेच्या आरोपामुळे २०१५ मध्ये मागे घ्यावं लागलं. नंतर आसाओ टोकोलोचं निवडलं गेलं: निळ्या रंगाचे तीन प्रकारचे ४५ चौकोन, जुन्या जपानी चौकटीच्या नक्षीतून आलेले. तेच ४५ चौकोन वेगळे रचून पॅरालिंपिकचं चिन्ह झालं. अप्पांना दाखवलं तर म्हणाले, "हे आमच्या मागावर निघंल की."

या कामात नवे असाल तर गिऱ्हाइकाला आधी एवढं विचारा: बोधचिन्ह हवंय की शुभंकर, म्हणजे मॅस्कॉट? निम्म्यांना फरक माहीत नसतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचं बोधचिन्ह जंतरमंतरवरून घेतलं होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिचा शुभंकर, अप्पू हत्ती. लहान पोरांना हात हलवून दाखवणारं काही हवं असेल तर ते काम बोधचिन्हावर लादू नका. आणि ऑलिंपिकची पाच कडी कुठेही चिकटवू नका. शाळेच्या क्रीडादिनाच्या फ्लेक्सवर ती सर्रास दिसतात खरी, पण त्या चिन्हाच्या रक्षणासाठी १९८१ चा नैरोबी हा आंतरराष्ट्रीय करार आहे.

संगणक नंतर उघडा. मी आता २४ बाय २४ चौकोनांत पेन्सिलीने काढतो, एकाच रंगात. मग नखाएवढं छापून भिंतीला लावतो आणि चहा पिऊन परत येतो. ओळखू आलं नाही तर खोडरबर. भरतकामवाल्याकडेही आधीच जातो. तो टाक्यांवर पैसे घेतो, त्यामुळे त्याचा अंदाज ऐकला की फालतू रेषा आपोआप गळतात.

कबड्डीचं चिन्ह मी पुन्हा काढलं: मधली रेषा आणि तिला टेकलेला एक पंजा. पुढच्या वर्षी त्याच आयोजकांनी तेच घेतलं. या खेपेला पैसे आधी मागितले.