वाग्यू बीफ विकत घेताना या चुका टाळा

पाकिटावर ठळक ‘वाग्यू’, मांसात चरबीची बारीक पांढरी नक्षी आणि डोळे पांढरे करणारी किंमत. एवढ्यावर माल अस्सल मानून पैसे मोजणारे कमी नाहीत. पण या तिन्हींतून जनावर कुठलं, हे कळत नाही.

जपानमध्ये वाग्यू हे नाव चारच जातींना आणि त्यांच्या आपसांतल्या संकरांना मिळतं: जपानी ब्लॅक, जपानी ब्राऊन, जपानी शॉर्टहॉर्न आणि जपानी पोल्ड. बाजारात येणारं बहुतेक मांस जपानी ब्लॅकचं. जनावर जन्मायला आणि वाढायलाही जपानमध्येच हवं. म्हणून नुसतं ‘जपानी बीफ’ म्हणजे वाग्यू नव्हे. ते तिथल्या होल्स्टीन जातीच्या जनावराचंही असू शकतं.

जपानबाहेर मात्र चित्र वेगळं. १९७६ मध्ये आणि पुढे नव्वदच्या दशकात काही जनावरं अमेरिकेत गेली, ऑस्ट्रेलियातही हा वंश पोहोचला. आज तिथे शुद्ध वंशाचं वाग्यूही मिळतं आणि अँगस या दुसऱ्या जातीच्या गुरांशी संकर केलेलंही. माझ्या मते या संकराला नाक मुरडण्याचं कारण नाही. जाड स्टेकसाठी तर तेच जास्त रुचतं. चूक होते ती संकरित मांसाला जपानी मालाचा भाव देण्यात. लेबलवर मूळ देश आणि शुद्ध की संकरित हा उल्लेख नसेल, तर विक्रेत्याला थेट विचारा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘ए-५’ या शिक्क्यापायी. यातला ‘ए’ चवीबद्दल काहीच सांगत नाही. जनावराच्या धडातून विकण्याजोगं मांस किती निघतं, याची ती श्रेणी. ए, बी, सी अशा तीन. दर्जा दाखवतो तो आकडा, १ ते ५. सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या मधे काप घेऊन चरबीची नक्षी, मांसाचा रंग, घट्टपणा व पोत आणि चरबीचा रंग व चमक तपासतात. या चारांत ज्यात सर्वात कमी गुण, तोच अंतिम आकडा. नक्षीसाठी १ ते १२ असं बीएमएस मोजमाप आहे आणि ८ ते १२ हे सगळंच पाचात बसतं. त्यामुळे एका ए-५ आणि दुसऱ्या ए-५ मध्ये चांगलाच फरक असू शकतो. बीएमएस विचारल्याशिवाय चढा भाव देऊ नका. आणि ही श्रेणी जपानी संस्थाच जपानमधल्या जनावरांना देते. ‘ऑस्ट्रेलियन वाग्यू ए-५’ असं लिहिलेलं दिसलं, तर तिथेच पाल चुकचुकायला हवी.

‘कोबे’ची गोष्ट आणखी गंमतशीर. कोबे म्हणजे ह्योगो प्रांतात जन्मलेलं, तिथेच वाढलेलं आणि तिथेच कापलेलं, जपानी ब्लॅकमधल्या ताजिमा वंशाचं जनावर, बीएमएस किमान ६. म्हणजे अस्सल कोबे ए-४ सुद्धा असू शकतं. त्याची निर्यात सुरू झाली २०१२ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं परदेशांतल्या मेन्यूकार्डांवर कोबे बर्गर झळकत होतेच. ते कुठून येत होते, ज्याचं त्यानं ओळखावं. ‘कोबे स्टाइल’ या शब्दांना तर काहीच अर्थ नाही.

मग पडताळणी कशी करायची? प्रत्येक जपानी जनावराला दहा आकडी ओळख क्रमांक असतो. मॅड काऊ रोगाच्या धक्क्यानंतर २००३ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. हा क्रमांक जपानच्या राष्ट्रीय पशुपैदास केंद्राच्या संकेतस्थळावर टाकला की जन्मतारीख, नर की मादी, जात, कुठल्या प्रांतात वाढलं, कधी कापलं, हे सगळं समोर येतं. बरेच जण जात पाहून समाधानानं थांबतात. थांबू नका, बाकीचे रकानेही जुळवून पाहा. कोबेसारखंच नावाजलेलं मात्सुसाका बीफ फक्त न व्यालेल्या मादीचंच असतं. त्या नावानं घेतलेल्या तुकड्याच्या नोंदीत नर निघाला, तर विषय संपला. कोबे म्हणून दिलेलं जनावर ह्योगोबाहेर वाढलेलं दिसलं, तरी तेच. कापल्याची तारीख फारच जुनी असेल, तर दुकानदार एकच जुना कागद प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत असण्याचा संभव आहे. म्हणून काउंटरवरच्या फ्रेममधला नव्हे, आपल्याला मिळणाऱ्या मांसाच्या खोक्यावरचा क्रमांक मागा. खिम्याच्या बाबतीत असा माग काढणं जवळपास अशक्य. महाग वाग्यू खिमा मी तरी घेणार नाही.

साध्या मांसात सुयांनी चरबी टोचूनही नक्षी तयार करतात. उघडपणे सांगून विकलं तर तो गुन्हा नाही, पण ते वाग्यू नव्हे. दोन-तीन तुकडे शेजारी ठेवून पाहा: सगळ्यांवर एकसारखी जाळी असेल तर शंका घ्या. खरी नक्षी तुकड्यागणिक बदलते. टोचलेलं मांस आतपर्यंत नीट शिजवावंही लागतं, कारण सुईबरोबर पृष्ठभागावरचे जंतू आत जातात.

घरी आणल्यावर ‘नुसतं तेलकट लागलं’ अशी तक्रार असेल, तर लगेच माल खोटा ठरवू नका. वाग्यूची चरबी कमी तापमानालाच वितळते. तव्यात वेगळं तेल घातलं, तुकडा जाड ठेवला किंवा मोठा स्टेक एकट्यानं संपवायला घेतला, तर अस्सल मांसही नकोसं होतं. गोठलेलं मांस फ्रिजमध्ये सावकाश वितळवा, पातळ काप करा, तापलेल्या कोरड्या तव्यावर झटपट परता.

आणि खाऊन होईपर्यंत पाकीट आणि पावती कचऱ्यात टाकू नका. तक्रार करायची वेळ आली, तर विक्रेता पहिल्यांदा तो क्रमांकच मागेल.