गारपिटीनंतर छपराचा क्लेम: डॅलसकडे नवीन घर घेतलेल्यांसाठी

मार्च ते जून हा आपल्या डॅलसकडचा गारांचा मोसम. प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी, अर्विंगकडे नुकतं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना याची कल्पना नसते. रात्री गारा पडतात आणि सकाळी चहा व्हायच्या आत दारात रूफर (छप्पर घालणारा ठेकेदार) हजर असतो. त्यानंतरच्या आठवड्यात नवीन लोकांचं नुकसान कसं होतं ते दरवर्षी बघते आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

दारात आलेल्या माणसाच्या टॅबलेटवर सही करू नका. तो सांगतो, "छपरावर चढायची परवानगी हवी, बाकी काही नाही." बहुतेक वेळा तो करारच असतो: विमा कंपनीने क्लेम मंजूर केला की काम याच माणसाला, कंपनी देईल त्या रकमेत. आमच्या गल्लीतल्या एका नव्या जोडप्याने अशी सही केली. पुढे त्यांना ओळखीतून चांगला रूफर मिळाला, तेव्हा पहिल्याने करार मोडल्याबद्दल मंजूर रकमेचा काही टक्के हिस्सा मागितला. घरी येऊन करून घेतलेली अशी सही तीन कामाच्या दिवसांत लेखी कळवून रद्द करता येते. त्यांना हे कळलं तेव्हा मुदत संपली होती.

टेक्ससमध्ये लोकांचे केस कापायला राज्याचा परवाना लागतो, छप्पर घालायला लागत नाही. मला हे अजूनही पटत नाही, पण आहे ते असं आहे. त्यामुळे चौकशी तुम्हालाच करायची आहे. रूफरचा पत्ता याच भागातला हवा आणि लायबिलिटी इन्शुरन्सचं (त्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचं) सर्टिफिकेट त्याच्या एजंटकडून थेट मागवा.

आता डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा वाटा. वारा आणि गारांसाठी ते बहुधा वेगळं असतं, टक्क्यांत असतं, आणि तो टक्का छपराच्या खर्चावर नाही तर घराच्या विमा रकमेवर लागतो. घराचा विमा ४,५०,००० डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर ९,००० डॉलर तुमच्या खिशातून. आपल्या लोकांत "अमक्याने डिडक्टिबल माफ करून दिलं" असं कौतुकाने सांगितलं जातं आणि मग चार घरं त्याच रूफरकडे जातात. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये रूफरने डिडक्टिबल माफ करणं किंवा स्वतः भरणं हा गुन्हा आहे. विमा कंपनी तुमच्याकडे डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते आणि तो मिळेपर्यंत उरलेले पैसे अडवू शकते. शिवाय माफ केलेले पैसे तो कुठून तरी काढणारच: कामात काटछाट करून, नाहीतर बिल फुगवून. फुगवलेल्या बिलावर तुमचं नाव असतं. माफीची गोष्ट जो स्वतःहून काढेल, त्याला दारातूनच परत पाठवा.

पहिला चेक पाहून घाबरू नका. उदाहरणार्थ, अ‍ॅडजस्टरने (नुकसान तपासायला येणारा विमा कंपनीचा माणूस) छपराचा खर्च २२,००० धरला, छपराच्या वयामुळे ८,००० घसारा कापला आणि ९,००० डिडक्टिबल वजा केलं, तर हातात ५,००० येतात. रिप्लेसमेंट कॉस्ट पॉलिसी असेल तर काम पूर्ण करून बिल दिल्यावर ते ८,००० मिळतात. अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू असेल तर कधीच मिळत नाहीत. छप्पर जुनं झालं की काही कंपन्या रिन्यूअलच्या वेळी पहिलीतून दुसरीत नेतात आणि तो कागद आपण न वाचता बाजूला ठेवतो. आजच काढून बघा.

आता वाटाघाटीचं. एकूण आकड्यावर घासाघीस करायची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही. "अजून तीन हजार वाढवा" म्हटलं तर अ‍ॅडजस्टर काही करू शकत नाही. बहुतेक एस्टिमेट एक्झॅक्टिमेट या सॉफ्टवेअरवर बनतात. त्यात त्या भागाचे त्या काळातले दर आधीच भरलेले असतात. दरावर वाद घालून फारसं निघत नाही. सुटलेल्या ओळी आणि चुकलेली मापं दाखवली तर बरंच निघतं.

एका मित्राचं एस्टिमेट आम्ही टेबलावर पसरून ओळ न ओळ वाचलं. छप्पर २८ स्क्वेअर धरलं होतं (एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट), मापाच्या रिपोर्टात ३३ निघालं. घर दोन मजली, उतार तीव्र, पण दोन्हींचे जादा पैसे लावलेच नव्हते. कडेचा ड्रिप एज नाही, स्टार्टरची पट्टी नाही, रिज कॅप नाही, पाइपांभोवतीचे जॅक नाहीत, गटरवरच्या पोचांची नोंद नाही. मापाचा रिपोर्ट, फोटो आणि शहराच्या बांधकाम नियमांतला उतारा जोडून सप्लिमेंट (एस्टिमेटमधल्या सुटलेल्या गोष्टींची पुरवणी मागणी) पाठवलं. त्यातलं बहुतेक मान्य झालं. फोनवर कोणाशी भांडावं लागलं नाही. नियमांमुळे वाढणारा खर्च मागायचा तर पॉलिसीत ऑर्डिनन्स ऑर लॉ कव्हरेज आहे का ते आधी बघा.

अ‍ॅडजस्टर येईल तेव्हा तुमचा रूफर छपरावर हजर असू द्या. तो कामाची व्याप्ती आणि दर यांवर बोलू शकतो, पण तुमच्या वतीने क्लेम लढवू शकत नाही. क्लेम लढवण्यासाठी पब्लिक अ‍ॅडजस्टरचं लायसन्स लागतं, आणि २०२४ मध्ये टेक्सस सुप्रीम कोर्टानेही हा कायदा कायम ठेवला. पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमलात तर त्याची फी जास्तीत जास्त १० टक्के.

कंपनीने क्लेम मिळाल्याचं १५ दिवसांत कळवायचं असतं आणि सगळी कागदपत्रं मिळाल्यावर १५ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मोठ्या आपत्तीत ही मुदत वाढते. वाद फक्त रकमेचाच उरला असेल तर पॉलिसीतलं अप्रेझलचं (दोन्ही बाजूंनी नेमलेल्या जाणकारांकडून रक्कम ठरवून घेण्याचं) कलम वाचा. टेक्सस डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे तक्रार फुकट करता येते. आपले लोक उगाच घाबरतात. इथे तक्रार केल्याने व्हिसावर काही परिणाम होत नाही.

चेकवर मॉर्टगेज कंपनीचंही नाव असेल, तर त्यांच्या लॉस ड्राफ्ट विभागाला (क्लेमचे चेक हाताळणारा विभाग) लगेच फोन करा.

अगदी स्वस्त रूफर शोधून पैसे वाचवायला जाऊ नका. बिल कमी आलं तर कंपनी घसाऱ्याची रक्कमही त्या प्रमाणात कमी देते, वाचलेले पैसे तुमच्याकडे राहत नाहीत. त्यापेक्षा वरचे पैसे घालून क्लास ४ शिंगल (गारांचा मार जास्त सोसणाऱ्या छपराच्या पट्ट्या) लावा, प्रीमियममध्ये सवलत मिळू शकते. मात्र सवलतीसोबत दिसण्यापुरत्या नुकसानीची भरपाई वगळणारा फॉर्म सहीला आला, तर पूर्ण वाचूनच सही करा.

काम सुरू होण्याआधी पूर्ण रक्कम देऊ नका. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी अंगणात चुंबक फिरवून घेतला आहे ना, तेवढं बघा. मुलं अनवाणी खेळतात तिथे जुन्या छपराचे खिळे पडलेले असतात.