यादवीनंतरच्या अमेरिकेत ‘स्वातंत्र्य’ म्हणजे काय होते: मूळ कागदपत्रे वाचण्याची एक पद्धत

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ च्या वसंतात संपले, तेव्हा दक्षिणेतील सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीतून बाहेर पडत होती. मात्र बाहेर पडून ती कोठे पोहोचणार, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. पुढच्या सुमारे बारा वर्षांना ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणतात. हा काळ समजून घेऊ पाहणारा वाचक बहुधा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांच्या भांडणापासून सुरुवात करतो आणि नकाराधिकार, महाभियोग, एका मताने वाचलेले अध्यक्षपद अशा नाट्यातच अडकून पडतो. त्याऐवजी थोडेच मूळ कागद निवडावेत आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: हा कागद स्वातंत्र्य कशाला म्हणतो, आणि ते मिळाले नाही तर दाद कोणाकडे मागायची?

पहिला कागद वॉशिंग्टनचा नसावा, जॉर्जियातील सव्हाना शहराचा असावा. १२ जानेवारी १८६५ रोजी उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी तेथे वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून त्यांचे मत विचारले. त्यांच्या वतीने बोलणारे गॅरिसन फ्रेझियर ६७ वर्षांचे होते आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःला व पत्नीला एक हजार डॉलर मोजून सोडवून घेतले होते. दुसऱ्याचे श्रम त्याच्या संमतीवाचून बळाने घेणे म्हणजे गुलामगिरी, असे ते म्हणाले. स्वतःच्या श्रमाचे फळ स्वतःला मिळावे असे स्वातंत्र्य हवे असेल तर आम्हाला जमीन हवी, असेही त्यांनी सांगितले. चारच दिवसांनी शर्मनने किनारपट्टीची जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला. याच्याच शेजारी त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमधील, साउथ कॅरोलायनातील एडिस्टो बेटावरच्या लोकांचे, जमीन काढून घेण्याला विरोध करणारे अर्ज ठेवावेत. जॉन्सनने बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत करण्याचे ठरवले होते आणि ते सांगायला फ्रीडमन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याचे) प्रमुख जनरल हॉवर्ड यांनाच बेटावर जावे लागले. सव्हानातले उत्तर आणि एडिस्टोचे अर्ज यांत नऊ महिन्यांचे अंतर आहे. हे दोन कागद लागोपाठ वाचले की जमिनीचा प्रश्न या काळाच्या मध्यभागी का आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर घटनादुरुस्त्यांकडे वळावे, पण त्या शाळेतल्या इतिहासासारख्या ‘गुलामगिरी रद्द, नागरिकत्व, मताधिकार’ अशा तीन शब्दांत उरकू नयेत. त्या व्याकरणाच्या नजरेने वाचाव्यात. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, हे शोधावे. डिसेंबर १८६५ मध्ये मंजुरी पूर्ण झालेली तेरावी दुरुस्ती गुलामगिरी देशात असणारच नाही असे म्हणते, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला अपवाद ठेवते. चौदावी (१८६८) ‘कोणतेही राज्य’ असे करणार नाही म्हणते. म्हणजे बंधन राज्यावर आहे, रात्री दारावर येणाऱ्या टोळीवर ते आहे की नाही, हा वाद शब्दांतच शिल्लक राहतो. पंधरावी (१८७०) मताधिकार देत नाही; वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून तो नाकारू नये एवढेच सांगते. दुसरे कारण शोधले तर? हा प्रश्न समासात लिहून ठेवावा, कारण त्याचे उत्तर पुढे येते.

तेराव्या दुरुस्तीतला अपवाद वाचून लगेच मिसिसिपीचे १८६५ चे ‘काळे कायदे’ काढावेत. मुक्त झालेल्या माणसाने दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवावा, नाहीतर तो ‘भटका’ ठरून दंडास पात्र व्हावा, आणि दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीला लावावे, अशी ती रचना होती. शहराबाहेरची जमीन खंडाने घेण्यासही त्याला मनाई होती. हे कायदे १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा आणि त्यानंतरच्या लष्करी देखरेखीमुळे फार टिकले नाहीत, पण त्यांमागचा हेतू पुढेही मेला नाही.

सर्वात जास्त वेळ मात्र करारनाम्यांना द्यावा. माझ्या मते या काळाचा खरा इतिहास तेथे आहे. फ्रीडमन्स ब्युरोच्या कागदांत मळेवाले आणि मजूर यांच्यातील असंख्य करार जतन झाले आहेत. करार हाती घेतल्यावर रकमेकडे शेवटी पाहावे. आधी पाहावे ते हे: मजुरी महिन्याला आहे की पिकाच्या वाट्यात, वाटा केव्हा आणि कोणाच्या हिशेबाने ठरतो, गैरहजेरीबद्दल किती कापले जाते, मळा सोडून जायला परवानगी लागते का, आणि बायकांच्या कामाचा उल्लेख आहे का. अनेक स्त्रियांनी शेतावरचे काम कमी करून घराकडे वळण्याचा निर्णय घेतला होता आणि मळेवाल्यांनी त्याला आळस म्हटले; म्हणून करारात बायकोचे नाव असणे वा नसणे ही किरकोळ बाब नाही. खाली सहीऐवजी फुली दिसते, तेव्हा करार वाचून कोणी दाखवला असेल, हाही विचार करावा. मजुरीकडून बटईकडे आणि बटईतून दुकानदाराच्या कर्जाकडे, पीक उभे असतानाच तारण पडण्याकडे जी वाट गेली, तिची पहिली पावले अशा कलमांत सापडतात.

मजुरांचा आवाज थेट ऐकायचा मोह होतो तेव्हा थोडी सावधगिरी हवी. ऑगस्ट १८६५ मध्ये ओहायोतील डेटन येथून जॉर्डन अँडरसन यांनी टेनेसीतल्या आपल्या जुन्या मालकाला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. परत येण्याआधी ३२ वर्षांची स्वतःची मजुरी महिना २५ डॉलरने आणि पत्नी मँडीची २० वर्षांची मजुरी आठवड्याला २ डॉलरने पाठवा, असे ते म्हणतात आणि एकूण ११,६८० डॉलर मागतात. बेरीज स्वतः करून पाहावी. ती बरोबर येते. पण पत्र सांगून लिहून घेतलेले आहे आणि वृत्तपत्रात छापले गेले, तेव्हा वाक्यरचना कोणाची आणि हिशेब कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. हिशेबावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही.

शेवटी दाद मागण्याचा प्रश्न. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी गुप्त संघटनेच्या हिंसाचाराबाबत १८७१ मध्ये काँग्रेसच्या समितीने घेतलेल्या साक्षी १३ खंडांत छापल्या आहेत. सगळ्या वाचणे कोणाला जमणार नाही, एका राज्याच्या पुरेत. त्या वाचून लुइझियानातील कोलफॅक्सकडे यावे, जेथे १३ एप्रिल १८७३ रोजी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. तीन वर्षांनी क्रूकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्यांना सोडले. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नाही, हा तर्क त्यात होता. आधी शोधलेला कर्ता येथे कामाला येतो.

वाचन १८७७ वर, म्हणजे राज्य सरकारांना आधार देणारे संघीय सैन्य मागे घेतले गेले तेथे, संपवण्याची रीत आहे; ती पाळू नये. मिसिसिपीने १८७० मध्ये हायरम रेव्हल्स या कृष्णवर्णीय नेत्याला सिनेटवर पाठवले होते. त्याच मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी दोन डॉलरचा कर आणि राज्यघटनेचा उतारा वाचून वा ऐकून समजावून सांगण्याची अट घातली. वंशाचा उल्लेख त्या अटींत कोठेही नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज व्हाइट १९०१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यानंतर १९७३ पर्यंत दक्षिणेतून एकही कृष्णवर्णीय सदस्य तेथे गेला नाही.