गोदामात नवीन आहात? माल घेताना, रचताना आणि मोजताना या चुका टाळा

बेळगावची रविवार पेठ असो, निपाणीतली तंबाखूची वखार असो, उद्यमबागेतल्या कारखान्याचं स्टोअर असो की खानापुरातलं खतांचं दुकान. नव्या पोराला पहिल्या दिवशी बहुधा एवढंच सांगितलं जातं: ‘गाडी आली आहे, माल उतरवून घे.’ कसा घ्यायचा, ते कुणी सांगत नाही. मग महिन्याअखेरीस शिल्लक कमी भरली की पहिला संशय चोरीवर जातो. खरी खोट बऱ्याचदा दारातच झालेली असते. गाडी उभी असताना जे पाहिलं नाही आणि कागदावर लिहिलं नाही, ते पुढे कुठल्याच रजिस्टरात सापडत नाही.

न मोजता बिल्टीवर सही

ड्रायव्हर घाईत असतो, हमाल मामांना पुढची गाडी गाठायची असते, आणि बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, सही नव्या माणसाची लागते. घाईला बळी पडू नका. दोरी सोडण्याआधी ताडपत्री फाटली आहे का, फाळका (गाडीची मागची फळी) ओला आहे का, सील शाबूत आहे का ते बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग बिल, चलन आणि बिल्टी शेजारी शेजारी धरून नग आणि गाडी नंबर जुळवा.

गाडी नंबराला इथे जास्त महत्त्व आहे. महाराष्ट्रातलं शिनोळी बेळगावहून हाकेच्या अंतरावर असलं तरी कागदोपत्री तो माल परराज्यातून येतो. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) लागतं आणि त्यावर गाडीचा नंबर असतो. घाटात गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर नवा नंबर त्यात चढवावा लागतो. मुदतही बघा: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. नंबर जुळत नसेल तर माल उतरवण्याआधी मालकांना फोन करा. उतरवून झाल्यावर सांगण्यात काही अर्थ नाही.

मोजणाऱ्याने फक्त मोजायचं. पोत्याला हात लावायला गेलात की आकडा चुकलाच. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असे पाचाचे गट पाडा. दर २५ पोत्यांना थांबून हमालांच्या मोजणीशी ताळा करा. १०० वर फरक निघाला तर पुन्हा सगळं मोजावं लागतं, २५ वर निघाला तर तेवढीच थप्पी.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो तो दोन भाषांचा. मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’, कन्नडमध्ये ‘एप्पत्तु’ म्हणजे ७० आणि ‘एंबत्तु’ म्हणजे ८०. गाड्यांच्या आवाजात किंवा फोनवर हे हमखास चुकीचे ऐकू येतात. म्हणून आकडा सुटा सुटा सांगा, ‘सात शून्य’, ‘एळु सोन्ने’, आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. समोरचा हसला तरी चालेल.

तूट किंवा खराबी दिसली तर बिल्टीच्या सगळ्या प्रतींवर लिहा: ‘१०० पैकी ९८ पोती मिळाली, त्यात ३ ओली, १ फाटलेलं.’ खाली तारीख, वेळ आणि ड्रायव्हरची सही. ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ असं छापलेलं असेल तर ते खोडून मगच सही करा. तसं केलं नाही तर नुकसानभरपाई मागताना तुमचीच सही तुमच्या विरुद्ध उभी राहते.

सगळी पोती ५० किलोची समजणं

सिमेंटचं पोतं ५० किलोचं, डीएपी खताचंही ५० किलोचं. पण युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं आहे. १०० पोत्यांना ५० ने गुणलं तर कागदावर ५०० किलो जास्त माल उभा राहतो आणि मग तो कधीच सापडत नाही.

धान्यात चूक होते ती बारदानाची, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनाची. ५० किलो भरतीचं तागाचं पोतं रिकामं साधारण ५८० ग्रॅम भरतं, प्लास्टिकचं विणलेलं शंभर-सव्वाशे ग्रॅम. तागाच्या १०० पोत्यांचं बारदान वजा करायचं राहिलं की ५८ किलोंचा फरक पडतो, म्हणजे एका भरलेल्या पोत्याहून जास्त. काट्यावरचं वजन बारदानासह आहे की निव्वळ, हे त्याच ओळीत लिहा.

हमालांची नक्कल करून उचलणं

वर्षानुवर्षं पाठीवर ओझं वाहिलेला माणूस पोतं घेतो ते उंचीवरून, गाडीच्या फाळक्यावरून. नवा पोरगा तेच पोतं जमिनीवरून, कमरेत वाकून, एका झटक्यात उचलायला जातो आणि दोन दिवस अंथरुणात पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या शिफारशीत धडधाकट पुरुषासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा मानली आहे. ती रोज गाठायची नसते.

जमिनीवरचं पोतं दोघांनी उचला. पाय खांद्याइतके फाकवून एक पाय थोडा पुढे ठेवा, गुडघ्यात बसा, पाठ सरळ राहू द्या. पोतं पोटाशी घट्ट धरा आणि ‘एक, दोन, उचल’ म्हणत दोघांनी एकदम उभं राहा. वळायचं असेल तर पाय वळवा. पाय एका जागी रोवून नुसती कंबर फिरवली की चमक भरते. हातगाडी ओढू नका, ढकला, आणि जड नग खाली ठेवा. स्लीपर घालून काम करू नका, हे वेगळं सांगायला नको.

लोखंडी आकडी तागाच्या पोत्यालाच. सिमेंट किंवा युरियाच्या पोत्याला ती लावली की भोक पडतं, त्यातून दमट हवा शिरते आणि आठवड्याभरात आत ढेकूळ होतं. संकेश्वरी मिरचीची पोती हलवताना नाकातोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मिरचीच्या हाताने डोळा चोळला गेलाच तर चोळत बसू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

थप्पी भिंतीला टेकवणं

अथणीच्या कोरड्या भागात जी रचना चालून जाते, ती खानापूरच्या पावसात चालत नाही. जुलैत भिंतीला ओल येते, फरशीला घाम फुटतो आणि तळाचा थर गुपचूप कुजतो. वरून सगळं छान दिसतं, म्हणून दोन महिने कुणाला पत्ता लागत नाही.

सिमेंटसाठी नियम ठरलेले आहेत. जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर उंच फळ्या, भिंतीपासून किमान ६० सेंटीमीटर (सुमारे दोन फूट) अंतर, १० पोत्यांपेक्षा जास्त उंची नाही. आठच्या वर रचायचं असेल तर एक थर उभा, एक आडवा, म्हणजे पोती एकमेकांना धरून राहतात. दहाहून उंच थप्पीत खालची पोती दाबानेच घट्ट होतात. ती सिमेंट खराब झाल्यामुळे आहेत की दाबामुळे, हे ओळखायचं असेल तर पोतं जमिनीवर दोन-तीनदा लोळवा. दाबाने आवळलेलं सिमेंट मोकळं होतं. ओलीने धरलेले खडे बोटांनी चुरडत नाहीत, ते पोतं बाजूला काढा. तीन महिन्यांपुढचं सिमेंट स्लॅब-कॉलमला देण्याआधी तपासून घ्यावं लागतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

पावसाळ्यात ताडपत्रीने धान्याची थप्पी चारी बाजूंनी आवळून टाकणं हाही गैरसमज. आतली वाफ आतच राहते. उघडीप मिळाली की खालची कड दुमडून वारा खेळू द्या. सिमेंटला आणि गुळाला मात्र दमट वारा नको, गूळ लगेच पाझरतो. ढेपा गुंडाळूनच ठेवा.

शेजार कुणाचा, हेही बघा. तंबाखू आणि मिरचीजवळ चहा किंवा गूळ ठेवला तर वास लागतो आणि गिऱ्हाईक परत आणून देतं. कीटकनाशकं धान्य-बियाण्यांच्या खोलीत ठेवूच नका. त्यांच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. धान्याला कीड लागली म्हणून स्वतःच ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकायला जाऊ नका. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. ते काम परवानाधारक माणसाचं.

कललेली थप्पी खांद्याने ढकलून सरळ करायचा मोह होतो. ती सरळ होत नाही, अंगावर येते. आसपासची माणसं बाजूला करा आणि बाजूने शिडी लावून वरून एकेक थर उतरवा. शिडी टेकते त्या दर चार फूट उंचीला तिचा पाय थप्पीपासून एक फूट दूर हवा. घाईत मधलं किंवा खालचं पोतं कधीच खेचू नका.

नवा माल पुढे, जुना मागे

नवी गाडी आली की माल दाराजवळ उतरवणं सोपं असतं, आणि जुना माल आत अडकतो. थप्पीवर खडूने आवक तारीख लिहा, दोन बाजूंनी हात पोहोचेल एवढी वाट ठेवा. बियाणं, औषधं, खाण्याचे डबे यांत आवक तारीख नाही, मुदत संपण्याची तारीख बघायची. उशिरा आलेल्या मालाची मुदत आधी संपू शकते.

शिल्लक जुळत नाही तेव्हा

लगेच सगळं गोदाम मोजायला घेऊ नका. आधी टेबलावर बसा. न चढवलेलं चलन कुठे राहिलं आहे का? मग फरकाचा आकडा बघा. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन अंक उलटे लिहिले गेल्याची शक्यता मोठी: ५४ च्या जागी ४५, फरक ९, ८१ च्या जागी १८, फरक ६३. एकक तपासा: कुणी पेट्या लिहिल्या, कुणी नग. एकच माल दोन पानांवर आहे का तेही बघा. तूरडाळ एका पानावर आणि ‘तोगरी बेळे’ दुसऱ्यावर, असं आपल्या भागात सर्रास होतं.

यातून सुटलं नाही तरच थप्पीकडे जा. समोरून रांगा गुणिले थर एवढंच करू नका, शिडीवर चढून वरून बघा. मधून पोती काढल्याने थप्पी पोकळ झालेली असते आणि समोरून भरलेलीच दिसते. पोती पूर्ण पण वजन कमी असेल तर मिरची-गुळासारख्या मालात ती सुकण्याची घट असू शकते. मग दहा पोती काट्यावर घालून सरासरी काढा. पोतीच कमी असतील तर त्याला सुकणं म्हणता येणार नाही. तेव्हा तूट तेवढीच लिहा, तारीख घाला, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या आणि तो कागद त्याच दिवशी मालकांच्या हातात द्या.