सिंथच्या डिस्प्लेवर नुसते काळे चौकोन

कळव्याला घरीच सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) बनवतोय. त्याला १६×२ चा एलसीडी (प्रत्येकी १६ अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले) जोडला, तर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन. अक्षर एकही नाही. चौकोन दिसतात म्हणजे वीज आणि कॉन्ट्रास्ट ठीक, डिस्प्लेला सुरुवातीच्या सूचनाच पोचत नाहीयेत. दोन रात्री कोड चाळला. शेवटी भिंग लावून पाहिलं, तर डिस्प्लेची पाचवी पिन, आरडब्ल्यू (डिस्प्लेत लिहायचं की त्यातून वाचायचं ते ठरवणारी), मोकळीच! ती ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टला, म्हणजे ‘लिही’) जोडली आणि अक्षरं उमटली. आईला झोपेतून उठवून दाखवली.

मग बॅकलाइट (डिस्प्लेमागचा दिवा) पीडब्ल्यूएमने, म्हणजे झपाझप चालू-बंद करून, मंद करताच स्पीकरमध्ये बारीक शिट्टी. बॅकलाइटचा ग्राउंड ऑडिओच्याच वायरवर होता. तो थेट पॉवर सप्लायपर्यंत वेगळा नेला, डिस्प्लेपाशी विजेचे चढउतार शोषायला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. शिट्टी गेली.