पेटारे आले की पुस्तक मिटा

माझा भाचा पहिलीत आहे. इतिहासाचं पुस्तक काढलं की त्याला हमखास तहान लागायची. त्याच भाच्याला मी आग्र्याची सुटका आठवडाभर पुरवली.

पुस्तक एकाच प्रसंगाचं घ्या, वीस-पंचवीस पानांचं. जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत सगळं कोंबलेला ठोकळा चौथीत वाचता येईल. आणि आधी स्वतः वाचून ठेवा. 'नजरकैद' म्हणजे काय, हे ऐनवेळी सांगताना माझी तंतरली होती.

सुरुवात संभाजीराजांपासून करा. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दादाएवढे. १२ मे १६६६ ला औरंगजेबाचा दरबार झाला आणि १७ ऑगस्टला महाराज निसटले. भाच्याने बोटं मोजली. "आत्या, तीन महिने शाळाच नाही?" अशा प्रश्नाला हसू नका. त्या दिवसापासून तहान बंद झाली.

मिठाईचे पेटारे आले की पुस्तक मिटा. धुवायच्या कपड्यांची टोपली रिकामी करा, मुलाला आत बसवा आणि दोघांनी उचला. (कंबर सांभाळून. माझी दोन दिवस धरली होती.) मग विचारा, पहारेकऱ्याने झाकण उघडलं तर? रोज पेटारे तपासून तपासून पहारेकरी कंटाळले, हे उत्तर त्यालाच शोधू द्या. भाच्याला एक अख्खा दिवस लागला. पुढचं पान त्यानंतरच.

महाराज पेटाऱ्यात बसून गेले की वेश पालटून, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. हे मुलांपासून लपवू नका. टोपलीत बसून पाय अवघडल्यामुळे आमचा भाचा ठामपणे वेशवाल्यांच्या बाजूचा आहे.

चित्रांच्या चुकाही काढायला लावा. आमच्या पुस्तकात संभाजीराजे कुणाच्या तरी कडेवर आहेत. जन्म १६५७ चा, प्रसंग १६६६ चा. वजाबाकी करून भाचा म्हणाला, "एवढ्या मोठ्याला कोण उचलेल?"

संभाजीराजांना मथुरेत मागे ठेवून महाराज पुढे गेले, ते पान मात्र झोपताना वाचू नका. मी वाचलं. रात्री अकरा वाजता नकाशावर मथुरा ते राजगड दोरा लावत बसलो होतो आणि वहिनी दारात उभी होती.